शिकागोची पोथी संपत नाही

पंचवटी, नाशिक
१४ ऑगस्ट १९७९

रा. रा. बाळाजीराव यांस,

चिंतामणचा सप्रेम नमस्कार. तुमच्या भगिनी उत्तरा आणि भाची सुधा ठीक आहेत. मी ठीक आहे की नाही, हे पत्र वाचून तुम्हीच ठरवा. शिकागोत तुमचा खोकला कसा आहे? (इथे तो उत्तम आहे. टेपमध्ये सत्तेचाळीस वेळा ऐकू येतो, उत्तराने मोजलाय.)

तुम्ही पाठवलेलं ते सेलवर चालणारं, टेप वाजवायचं आठ ट्रॅकचं यंत्र पोचलं. तिकडे आता ते कुणी फुकटही घेत नाही, असं मोकळेपणाने लिहिलंत, ते बरं केलंत. आमच्या आळीत मात्र तसलं यंत्र पहिलंच, म्हणून मी त्याला हळदकुंकू वाहिलं. घरची सत्यनारायणाची पोथी तुम्ही जाताना नेलीत, तिच्याबदल्यात ती स्वतःच्या आवाजात वाचून पाठवलीत, तेही पावलं.

रविवारी नांदगावचे पाहुणे सुधाला पाहायला यायचे होते. सुधाला सव्विसावं लागलंय, आधीची चार स्थळं फिसकटलेली. हे पाचवं तरी जुळावं म्हणून उत्तराने त्याच दिवशी पूजा घातली. पंचवटीत दगड मारला तर भटजीला लागतो म्हणतात, पण श्रावणातल्या रविवारी मारून बघा! आमच्या भटजींना त्या दिवशी अकरा पूजा होत्या. "कथा तुमची तुम्ही वाचून घ्या," म्हणाले आणि सायकलवर टांग मारून गेले. मी ऐटीत यंत्र चौरंगाशेजारी ठेवलं.

चार अध्याय झकास झाले. पाचव्यात ऐन मोक्याला यंत्रात 'खट्' झालं आणि तुम्ही पुन्हा पहिला सुरू केलात. मला वाटलं, अमेरिकेत दोनदा वाचायची पद्धत असेल. पाहुण्यांना वाटलं, आमच्या घरची असेल. कुणीच विचारलं नाही. दुसऱ्या फेरीतही पाचव्यात तिथेच खट्, की परत पहिला! (शेवट टेपमध्ये मावलाच नाही का हो?) कथा संपल्याशिवाय उठायचं नाही आणि प्रसादाशिवाय जायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. बंद करावं, तर चालू कथा मोडल्याचं पाप, आणि तेही सोयरीक ठरत असताना! मी सिंधुबाईंकडे (मुलाची आत्या, त्या घरात शब्द तिचा) बघत होतो आणि त्या हात जोडून माझ्याकडे. पाचची गाडी गेली. शिरा गार झाला म्हणून सुधा तो गरम करायला आत गेली. आत्याबाईंना तहान लागली म्हणून मुलगा पाणी आणायला गेला. तिसऱ्या फेरीत तो पुन्हा पाणी आणायला गेला, तो परत आलाच नाही. मी पूजेला बसलेला माणूस, उठून चौकशी कशी करणार?

अखेर सेल उतरले. तुमचा आवाज जड होत होत बंद पडला. सिंधुबाई म्हणाल्या, "दमला हो बिचारा. वाटा आता प्रसाद." पाहुणे पुढच्या गाडीने गेले. जाताना हो नाही म्हणाले की नाही नाही. आता उत्तरा माझ्याशी बोलत नाही आणि सुधा दिवसभर गुणगुणते. पोरीचं लग्न तुमच्या यंत्राने मोडलं की माझ्या ऐटीने, मला काही उमगेना. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा.

आपला,
चिंतामण

ता. क. : पत्र टाकायला निघालो तोच नांदगावहून होकार आला! आत्याबाई लिहितात, "आमचा मुलगा घरी दिवसाकाठी चार शब्द बोलत नाही, तुमच्या स्वयंपाकघरात दोन तास बोलला." मग सुधाने शांतपणे सांगितलं की ही टेप गोल फिरते, ती कधी संपतच नाही, असं यंत्राबरोबरच्या कागदावर लिहिलंय आणि तो तिने पहिल्याच दिवशी वाचला होता. मग बोलली का नाहीस, म्हणून मी ओरडलो. तर म्हणते, "कथा चालू असताना बोलू नये, बाबा."

आणखी ता. क. : लग्न मार्गशीर्षात आहे. मंगलाष्टकं टेप करून पाठवू नका. मुलीच्या मागे मामा उभा लागतो आणि तुम्हाला पाहून नऊ वर्षं झाली. त्या दिवशी पूजेत उत्तरा सारखी डोळे पुसत होती. मला वाटलं, स्थळ जातंय म्हणून. तसं नव्हतं. या.