तार कुणी जोडली

मी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला लाइनमन, त्याआधी पायदळाच्या डिव्हिजनमधला तारवाला शिपाई, वय एक्याऐंशी, हे माझ्या हाताने लिहितो आहे. डोकं ठिकाणावर आहे. ऐकू कमी येतं, पण ते तोफांमुळे, वयामुळे नाही. कुणी धमकावून किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेलं नाही. गोड बोलायला घरात कुणी उरलेलंही नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात मी माझ्या नावापुढे 'शौर्यपदकप्राप्त' असं लिहिलं होतं.

१. बँकेत जे असेल ते सगळं माझ्या मुलाला मिळावं. त्यावर वाद नको.

२. अवजारं: पक्कड, तार सोलायची सुरी, खांबावर चढायचा पट्टा, चाचणीचा फोन आणि खिळ्यांचे तीन डबे. हे सुनेला. त्यांच्या घरातला फ्यूज तीच बदलते. माझ्या मुलाला खिळा दाखवला तर तो आधी अंगठा पुढे करतो.

३. ॲल्युमिनियमची शिडी शेजारच्या छापखानेवाल्याकडे सतरा वर्षं पडून आहे. दोन दिवसांसाठी नेली होती. ती आता त्यालाच दिली असं समजावं. त्याला चारचौघांत चोर म्हणायचं माझ्या फार मनात होतं. पण पुढचं कलम लिहायला बसलो आणि ती हौस फिटली.

४. हे कलम मालमत्तेचं नाही. वकील म्हणाले, "असलं काही मृत्युपत्रात लिहीत नाहीत." मी म्हणालो, "मग कुठे लिहितात ते सांगा."

आमच्या डिव्हिजनला हुकूम होता पूल धरून ठेवायचा. नदीपलीकडच्या शहरातून माणसं अलीकडे येत होती. म्हातारी, लेकुरवाळ्या बाया, इस्पितळातले जखमी, खाटेसकट उचललेले. ती सगळी अलीकडे येईपर्यंत पूल सोडायचा नाही. आम्ही तो अकरा दिवस धरला. स्मृतिदिनाच्या भाषणासारखं हे सांगत नाही, कारण भाषणं मी पुष्कळ केली आहेत. पाणी वाहणारे दोघे पहिल्याच दिवशी मेले, तेव्हा आमच्या आचाऱ्याने कढया टाकून दिल्या आणि पाठीवर पाण्याचे डबे बांधून पुढच्या खंदकांपर्यंत रोज चार खेपा केल्या. माणूस एवढा जाडा, की पळताना डबे वाजायचे आणि शत्रूला तो येतोय हे ऐकूनच कळायचं. सातव्या दिवशी डबे वाजायचे थांबले. स्ट्रेचरवाले पंचवीस होते, सहा उरले. आम्ही गेलो तेव्हा डिव्हिजनमध्ये चौदा हजार माणसं होती. परत किती आलो हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. ती माणसं शूर होती. पुढे मी जे लिहितो त्याचा डाग त्यांच्यावर पडू नये. तो माझा एकट्याचा आहे.

मुख्य ठाणं अलीकडे, एका शाळेच्या तळघरात. सगळ्यात पुढची तुकडी पलीकडच्या वीटभट्टीत, त्र्याण्णव माणसं. मधून पुलाच्या कडेने आमची टेलिफोनची तार. तोफगोळा पडला की ती तुटायची, आणि ती जोडायला आम्ही दोघे: मी आणि ढांग्या. लांब ढांगा टाकायचा म्हणून ढांग्या. फार बोलत नसे. घरून धाकट्या बहिणीने शिवून दिलेला पट्ट्यापट्ट्यांचा मफलर गळ्यात असायचा. त्यावरून आम्ही त्याला चिडवायचो. पाळी ठरलेली: एकदा तो, एकदा मी.

अकराव्या दिवशी दुपारी शेवटची माणसं अलीकडे आली. चार वाजता पूल उडवायचा होता. त्याआधी वीटभट्टीतल्या लोकांना परत बोलवायचं, आणि नेमकी तार तुटली. बिनतारी यंत्र दोन दिवसांपूर्वीच फुटलं होतं. आम्ही दोघे पुलाच्या तोंडाशी, रस्त्याखालच्या मोरीत बसलो होतो. पाळी माझी होती.

मी उठलो नाही. अंगात जीव होता, पण पाय माझं ऐकत नव्हते. मी म्हणालो, "माझा पाय मुरगळलाय."

ढांग्याने माझ्या पायाकडे बघितलं. त्याला कळलं. त्याने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. माझ्या हातातली पक्कड घेतली आणि म्हणाला, "तू बस. मी आलोच."

तो पुलावरून पलीकडे धावला. थोड्या वेळाने माझ्या कानाला लावलेल्या फोनमध्ये खरखर झाली आणि ठाण्यातून कॅप्टन साहेबांचा आवाज वीटभट्टीला सांगताना मला ऐकू आला: "सोडा, सगळं सोडा, परत या." धुरातून माणसं पळत आली. मी एकेक मोजलं. एक्याण्णव. त्यांत ढांग्या नव्हता. चार वाजता पूल उडाला.

संध्याकाळी कॅप्टन साहेबांनी विचारलं, "तार कुणी जोडली? तूच ना?"

मी म्हणालो, "हो."

आयुष्यात मी सगळ्यात मोठं खोटं बोललो ते एवढंच, एका अक्षराचं. मग त्यांनी विचारलं, "आणि तुझा जोडीदार? त्याला पूल ओलांडून शत्रूच्या बाजूला पळताना दोघांनी पाहिलंय." त्यावर मी काहीच बोललो नाही. तार मी जोडली असेल, तर तो पलीकडे कशाला पळाला, याला एकच उत्तर उरत होतं. नोंदवहीत लिहिलं गेलं: 'शत्रूला जाऊन मिळाला.' मला पदक मिळालं.

युद्ध संपल्यावर त्याची आई माझ्याकडे आली. सोबत चौदा वर्षांची मुलगी. घराला पेन्शन नाही, गल्लीत कुणी बोलत नाही, दुकानदार सामान काउंटरवर ठेवून तोंड फिरवतो. म्हातारीने माझे दोन्ही हात धरले. "बाळ, तू त्याच्या जोडीचा ना? तो खरंच पळाला का रे?"

मी म्हणालो, "धुरात काही दिसलं नाही, आई."

तिला मी आई म्हणालो. हे मला राहून राहून आठवतं. ती पुढे सहा वर्षांनी गेली. स्मारकाच्या दगडावर डिव्हिजनच्या मेलेल्यांची नावं कोरली, त्यात तिच्या मुलाचं नाव नाही. मी दरवर्षी त्या दगडासमोर उभा राहून शौर्यावर बोललो. पहिल्या वर्षी एकशे चाळीस जण जमलो होतो. मागच्या दोन वर्षांत मी आणि माइकवाला. दगडसुद्धा रस्ता रुंद करताना उचलला. आता तो बस डेपोच्या भिंतीमागे, टायरच्या ढिगाला टेकून आहे. डिव्हिजनही मोडली. तिचा आकडा तेवढा उरलाय, आणि तो ऐकून नातवंडं विचारतात की हा कसला नंबर.

बायकोला मी लग्नाच्या चौथ्या वर्षी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या जाऊन सांगून टाका." मी गेलो नाही. ती भांडली नाही. फक्त त्या दिवसापासून माझ्या एकाही सत्काराला आली नाही, आणि मरेपर्यंत माझं पदक तिने कधी पुसलं नाही. बाकी सगळं घर ती पुसायची.

मुलाला तीन वर्षांपूर्वी सांगितलं. तो शाळेत इतिहास शिकवतो. म्हणाला, "बाबा, आता गप्प बसा. मी पोरांना तुमची गोष्ट शिकवतो." मी त्याच्यावर रागावलेलो नाही. गप्प बसणं त्याने माझ्याकडूनच उचललं.

त्याच महिन्यात मी नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला पत्र लिहिलं. सहा महिन्यांनी उत्तर आलं: डिव्हिजन बरखास्त, प्रकरण बंद, आपल्या शौर्याबद्दल आभार.

मग मी ढांग्याच्या बहिणीकडे गेलो. ती आता बहात्तरची आहे. दोन जिने चढून एका खोलीत राहते, लोकांचे कपडे दुरुस्त करते. लग्न झालं नाही. पळपुट्याच्या घरची मुलगी कोण करून घेणार? मी दारात उभं राहून सगळं सांगितलं. तिने शिलाई मशीन थांबवलं नाही. शेवटी थांबवलं आणि विचारलं, "जाताना काही म्हणाला?"

"म्हणाला, 'तू बस. मी आलोच.'"

"आई होती तेव्हा हे सांगायला तुमची जीभ झडली होती?"

ती म्हणाली, "जा आता. मला एका गिऱ्हाइकाची बाही लावायची आहे." मी पदक पुढे केलं, तिने त्याकडे बघितलंसुद्धा नाही. जिना उतरताना वरून मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला नाही. मी खाली बराच वेळ थांबलो होतो.

५. पदक मी कुणाला देऊ शकत नाही. जे आपलं नाही ते मृत्युपत्रात लिहिता येत नाही, असं वकील सांगतात. ते ढांग्याचं आहे. कुठे पाठवायचं ते ज्याला कळेल त्याने पाठवावं.

६. राहतं घर, दोन खोल्या आणि मागचं अंगण, ढांग्याच्या धाकट्या बहिणीला मिळावं. मुलाने हरकत घेऊ नये. त्याचं स्वतःचं घर आहे. याने काही फिटत नाही हे मला माहीत आहे. हे वाचून कुणी मला चांगला म्हणू नये.

७. मी मेल्यावर माझ्यावर डिव्हिजनचा झेंडा घालू नये. बिगूल नको, भाषण नको. वर्तमानपत्रवाले आले तर त्यांना कलम चार वाचायला द्यावं. ते छापणार नाहीत, पण द्यावं.

८. आणखी सांगण्यासारखं काही नाही. अठ्ठावन्न वर्षं मला वाटत होतं की खरं सांगितलं की हलकं वाटेल. वाटलं नाही.

सही करण्यापूर्वी घडलेलं लिहून ठेवतो. मी ढांग्याच्या बहिणीला याची प्रत पाठवली होती. आज सकाळी वकील त्यांच्या कारकुनाला साक्षीसाठी घेऊन आले, आणि त्यांच्यामागोमाग ती आली. बसा म्हटलं तर बसली नाही. उभ्यानेच सगळी पानं पुन्हा वाचली. मग म्हणाली, "साक्ष मी देणार."

वकील म्हणाले, "बाई, ज्याला काही मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते. तुम्ही सही केलीत तर घर तुमच्या हातचं जाईल."

"कळतं मला."

"परत विचार करा. घर आहे ते."

ती म्हणाली, "वकीलसाहेब, माझा भाऊ पळाला नाही, असं या कागदावर लिहिलंय. एवढ्या वर्षांत असा दुसरा कागद मी पाहिला नाही. याखाली माझी सही हवी."

ती हटली नाही, साक्षीची सही तीच करणार. त्यामुळे कलम सहा निकामी झालं. घराचं दुसरं काही लिहायचं त्राण माझ्यात नाही. जाईल त्याला जावो.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली.
तारीख: एकोणीस, महिना नववा, मंगळवार.

लिहून देणार: सही (तारवाला शिपाई)

साक्षीदार पहिला: सही. ओळख: वकिलांचा कारकून.

साक्षीदार दुसरी: सही. ओळख, स्वतःच्या अक्षरात: युद्धात कामी आलेल्या सैनिकाची बहीण.