बाजार उठल्यावरची गाडी

पिंगळी, माघ महिना

प्रिय मार्तंडा,

अनसूया बरी आहे, तिची काळजी करू नकोस. आधी गाडीची बातमी सांगते. परभणीहून इकडे येणारी गाडी आता बाजार उठल्यावर सुटते. तू लहान असताना आपण त्या गाडीसाठी कसे पळायचो! निम्मी भाजी घ्यायची राहायची आणि तू गुळाच्या शेवेसाठी फलाटावर बसकण मारायचास. सकाळची गाडीही उशिरा केली आहे. धोंडप्पा वाणी लिंगपूजा झाल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, म्हणून जन्मभर त्याची ती गाडी चुकली. आता पूजा आटोपून, भाकरी खाऊन निवांत स्टेशनवर येतो आणि गाडी आपणच आणल्यासारखा मिशीला पीळ देतो. शेजारची गौराबाई त्याला म्हणते, आता इंजिनाला तेवढं कुंकू लावायचं राहिलं.

सगळं गाव खूश आहे. माझ्या मनाला मात्र हे पटत नाही. आजवर किती अर्ज केले, कुणी दाद दिली नाही. आणि आता, तुझ्यासारख्या, हैदराबाद सरकारशी लढायला संस्थानाच्या हद्दीपलीकडे गेलेल्या मुलांचा घरोघर शोध चालला असताना, हैदराबादहून एक साहेब आपणहून येतो, चावडीत सतरंजीवर बसतो आणि मुसाफिरांची तकलीफ विचारतो. कोण कुठून येतं, कधी येतं, कशासाठी येतं. बोलणं फार अदबीचं. सिकंदराबादच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये रागावणाऱ्या सिस्टरला आम्ही मुलींनी कधी काही सांगितलं नाही. पेपरमिंट देणारीला मात्र सगळं सांगून टाकलं.

बायका टोपल्यांचं, दुधाच्या चरव्यांचं गाऱ्हाणं सांगत होत्या, तेव्हा साहेब पान लावत होता. मग धोंडप्पा उठला. त्याचा तुझ्यावर किती जीव आहे, तुला ठाऊकच आहे. म्हणाला, "सायेब, आमच्या बाईंचा मार्तंड मनमाडाकडनं येतोय. परभणीत उतरल्यावर फुडं गाडी न्हाई. लेकरू माझ्या मळ्यातनं पायी येतंय, लय हाल हायत. त्याच्यासाठी तरी गाडी उशिरा सोडा."

साहेबानं पान तसंच खाली ठेवलं आणि मळा कुठे आहे ते विचारलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वेळा बदलल्या. स्टेशनवर दोन नवे हमाल आले आहेत. गौराबाईनं टोपली उचला म्हटलं तर ते जागचे हलले नाहीत. उतरणाऱ्यांची तोंडं तेवढी न्याहाळतात. मळ्याच्या बांधावर विड्यांची थोटकं पडलेली असतात, आणि धोंडप्पा तर विडी ओढत नाही. त्याला मी काही बोलले नाही. तो रोज मला विचारतो, आता गाडीची सोय झाली, मार्तंड कधी येणार? माझा संशय खोटा ठरला तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही.

हे सगळं मुद्दाम आधी लिहिलं, कारण पुढचं वाचलंस की तू अंगावरच्या कपड्यांनिशी निघशील. काल तुला मुलगी झाली. कान तुझ्यासारखे आहेत, रडणंही तुझ्यासारखंच, हट्टी. अनसूया सारखी दाराकडे बघते. तू येऊ नकोस, बाळा. गाडीनं नको, मळ्यातूनही नको. गौराबाई लेकीकडे मनमाडला निघाली आहे, तिच्या हाती हे पत्र देते. मुलीचं नाव तिच्यापाशी तोंडी सांग, आम्ही तेच ठेवू.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली, आणि तू येऊ नयेस म्हणून देवापुढे हात जोडणारी,
तुझीच,
आई