लोणीखडी

कामरगाव,
कार्तिक शुद्ध ८, शके १८५८

चि. इंद्रभान यास कस्तुराबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत म्हणून लिहिलं. ठीक काही नाही.

डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी तू सकाळच्या मोटारीनं नागपूरला निघून गेलास. मागे काय झालं ते तुला कोणी कळवणार नाही, म्हणून मीच कळवते.

शिरपूरला आपल्या टेकडीच्या भुयारातली लोणीखडी आई माझ्या लग्नापासून दर दिवाळीला इथं पाठवते. इतकी मऊ आणि पांढरी रांगोळी कामरगावात दुसऱ्या कोणाकडे नाही. सासूबाई चार बायकांत तेवढ्यासाठी माझ्या माहेरचं नाव घेतात, आणि पुढचा दात पडल्यापासून हसताना पदर तोंडावर धरतात, तो त्या वेळी धरायचं विसरतात. मागचा खडा उंदरांनी कुरतडला असं सांगून यंदा त्यांनीच नवा मागवला होता. तो आईनं ताटात घालून आणला. त्याच खडीनं देवापुढे स्वस्तिक काढलं, माझ्या पाटाभोवती महिरप काढली.

तू बाहेर ओट्यावर जगदेवमास्तरांना कॉलेजातलं ज्ञान सांगत बसला होतास. तिथंच बसायचं होतंस. आत येऊन, त्या महिरपीकडे बोट करून, ही वाघळांची लीद आहे, शास्त्रात सिद्ध झालं आहे, असं भरल्या घरात सांगायचं तुला काय नडलं होतं? मास्तर हसले, मग बाहेरचे सगळे हसले. आईच्या हातात ते ताट तसंच होतं. कुठं ठेवावं ते तिला समजेना.

सासूबाईंनी महिरप ओल्या फडक्यानं पुसली आणि न्हाणीत जाऊन कितीतरी वेळ चुळा भरत राहिल्या. सगळ्या घरात गोमूत्र शिंपडलं. तुझ्या भाऊजींनी म्हणून पाहिलं, की गाईचं शेण अंगणाले चालते, मंग वाघळानं आपलं काय घोडं मारलं. त्यावर सासूबाईंनी आपल्या लेकाशी दोन दिवस अबोला धरला. नंतर मला बोलावून सांगितलं, की ज्या घरी लेकीले वाघळाची घाण देतात त्या घरी माहा नातू जल्मायचा नाही.

म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी नाही. आईनं डिंक, मेथ्या, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी, सगळं तयार करून ठेवलं आहे. ते आता कोणासाठी?

प्रकृतीला जप. तुझ्यावर रागावले आहे, पण आशीर्वाद कमी केलेले नाहीत.

तुझी बहीण,
कस्तुरा

नागपूर,
ता. २७ नोव्हेंबर १९३६

ती. सौ. बाईस इंद्रभानचा सा. न. वि. वि. तुझे पत्र पोचले. उत्तर लिहायला हात धजत नव्हता.

पहिल्यांदा जे लिहिले ते फाडून टाकले. त्यात मी असे लिहिले होते, की तुला स्वयंपाकघरात खडीचा तुकडा तोंडात टाकताना पाहिले आणि बाळाच्या काळजीने बोलून गेलो. पाहिले हे खरे. बोललो ते त्यासाठी नाही. जगदेवमास्तरांनी मला चारचौघांत विचारले होते, की बापाचा पैसा घालून तू तिथं दगडं मोजून राह्यला काय. लोक हसले. मला ते झोंबले, आणि कोणाला तरी हसवून परत करावे असे वाटले. हाताशी आईचे ताट होते.

यापुढचे लिहायला जास्त लाज वाटते. आमच्या भूगर्भशास्त्राच्या सरांनी वर्गात एवढेच सांगितले होते, की जिथे वटवाघळांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या असते अशा गुहांत, विष्ठेच्या थराखाली काही दुर्मिळ क्षार सापडतात. आपल्या भुयाराचे वरचे काळे भुसभुशीत थर आणि खालची पांढरी खडी मला तेव्हा आठवली. बस, इतकेच. मी ती खडी तपासलेली नव्हती. शास्त्रात सिद्ध झाले हे वाक्य माझे होते, शास्त्राचे नव्हते.

येताना एक खडा खिशात आणला होता, तो आता सरांना दिला आहे. काय निघेल ते कळवीन. आईला पत्र लिहायला बसतो, पण मायना लिहून झाला की पुढे काही सुचत नाही. तू तिची काही खबर लिही.

दौलतराव भाऊजींस नमस्कार. मी मागण्याच्या लायकीचा नाही, तरी लोभ मागतो.

तुझा भाऊ,
इंद्रभान

कामरगाव,
कार्तिक वद्य १२, शके १८५८

चि. इंद्रभान यास अनेक आशीर्वाद. वि. वि. आईची खबर विचारलीस. ती इथं येऊन गेली.

मला न्यायला म्हणून आली होती. शिरपूरहून मोटार, पुढे कारंज्याहून बैलांची दमणी, आणि मांडीवर सांजोऱ्यांची टोपली. सासूबाईंनी बसायला पाट दिला, पाणी दिलं, सगळं रीतीनं केलं. पण सांजोरीला घरात कोणी हात लावला नाही. आईनं एकदाच विचारलं, की मंग लेकीले कधी धाडता. सासूबाईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. आई टोपली घेऊन परत गेली. दमणीत बसताना मला म्हणाली, की इंद्रभानले काही बोलू नको, पोरगं शिकून राह्यलं.

मी मागे आत आले आणि रडले. तुझ्यावर रागावून रडले असं तुला वाटेल. तू खरं लिहिलंस, तेव्हा मीही लिहिते. त्या दिवशी सगळ्या बायका माझ्याकडे वळून विचारायला लागल्या, की तू तं नाही ना खाल्ली. मी म्हटलं, मी कायले खाऊ, आईच पाठवते, आईच जाणे. तेव्हा माझ्या पदराच्या गाठीत खडीचा तुकडा बांधलेला होता. डोहाळेच तसे लागले आहेत; भाजलेली माती पुरत नाही, ती खडीच लागते. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं, आणि तिनं मला उघडं पाडलं नाही.

सासूबाईंचंही चित्त ठिकाणावर नाही. जेवण तुटलं आहे, कोणाकडे बसायला जात नाहीत. काल एकाएकी मला म्हणाल्या, की तुह्या भावाले लिहून विचार, ती खडी पोटात गेली तं बाईमाणसाले काय होते. सुनेच्या काळजीनं विचारते असंही वर सांगितलं. मी तर खात नाही असं सांगून बसले आहे, मग काळजी कसली ते मला कळलं नाही. पण सरांना विचार.

मला आठवा सरत आला. पौषात लेकीबाळींना हलवत नाहीत. आता जे व्हायचं ते मार्गशीर्षात.

अभ्यास कर, आणि आईला दोन ओळी तरी लिही.

कस्तुरा

नागपूर,
ता. १८ डिसेंबर १९३६

ती. सौ. बाईस सा. न. वि. वि. सरांची तपासणी झाली. पुढचा मजकूर तुझ्या सासूबाई रुख्मिणीबाईंसाठी आहे. त्यांना अक्षरओळख नाही, तेव्हा तुलाच तो वाचून दाखवावा लागेल. ज्या घरात तुला खाली पाहायला लावले तिथे तुलाच माझी माफी वाचायला लावतो आहे, याचीही मला लाज वाटते.

ती. रुख्मिणीमावशींस इंद्रभानचा शि. सा. नमस्कार. मावशी, मी तुमच्या घरी, तुमच्या देवापुढच्या रांगोळीला लीद म्हणालो. ते चुकीचे होते. सरांनी खडीची पूड काचेच्या नळीत तापवली, तर वर पाण्याचे थेंब जमले. मग तेजाबात विरघळवून औषध टाकले, तर हळदीसारखा पिवळा गाळ बसला. त्यावरून सरांनी सांगितले, की हा एक दुर्मिळ दगड आहे. त्याला दूर समुद्रापार न्यूझीलंड मुलखातल्या एका डोंगराळ भागाचे नाव आहे, कारण तो पहिल्यांदा तिकडे सापडला. वाघळांच्या घाणीतून पाझरलेले पाणी खालच्या चिकणमातीला भेटते, आणि दोन्ही आपले रूप सोडून तिसरेच काही होतात. घाण घाण राहत नाही, माती माती राहत नाही. सर म्हणाले, की याला विष्ठा म्हणणे म्हणजे आंब्याला शेणखत म्हणणे. हे त्यांनी सगळ्या वर्गासमोर मला सांगितले आणि सगळे हसले. तुमच्या घरी आईला कसे वाटले असेल ते मला तेव्हा कळले.

तुम्ही विचारलेत, की पोटात गेली तर काय होते. सर म्हणतात, की तो दगड आहे, खायची वस्तू नाही, आणि यापुढे कोणी खाऊ नये. पण आजवर थोडीफार गेली असेल तर भिण्याचे कारण नाही, विष नाही. रांगोळीला बेशक वापरावी.

मावशी, चूक माझी आहे. माझ्या आईने तिच्याजवळचे सगळ्यात चांगले तुमच्याकडे पाठवले होते. तिला शिक्षा देऊ नका. मला येऊन तुमच्या दारात उभे राहायला सांगाल तर येतो, आणि जगदेवमास्तरांसमोर हेच पुन्हा बोलतो.

बाई, हे वाचताना तुझा आवाज कापला तर थांब, पाणी पी, पण गाळू नकोस काही.

इंद्रभान

कामरगाव,
मार्गशीर्ष शुद्ध १३, शके १८५८

चि. इंद्रभान यास कस्तुराबाईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र दुपारी वाचून दाखवलं. घरात आम्ही दोघीच होतो. हे शेतावर गेले होते.

सासूबाई गहू निवडत बसल्या होत्या, मान वर केली नाही. माफीचा मजकूर आला तरी निवडतच राहिल्या. आंब्याच्या बोलण्यावर थोडं हुं केलं. पोटात गेली तर काय होतं तो भाग आला तेव्हा सुपातला हात थांबला. तो त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग विचारलं, की हे जवान बाईपुरतंच लिहिलं का म्हाताऱ्या माणसालेही लागू आहे. मी म्हटलं, विष नाही म्हणजे कोणालाच नाही.

मग माझ्यानं राहवलं नाही. पदराची गाठ सोडून मी तो तुकडा त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं, की मी त्या दिवशी खोटं बोलले, माझ्या आईला चारचौघींत एकटं पाडलं, आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. वाटलं, आता या मला बोल बोल बोलतील. त्यांनी त्या तुकड्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, की मलेही लागत नाही, आणि उठून आत गेल्या.

बाहेर आल्या त्या ओटीचं ताट घेऊन. तांदूळ, नारळ, हिरवा खण. मला म्हणाल्या, की पौष लागायच्या आत जाय, तुह्या मायले वाट पाहू देऊ नको. ओटी भरताना शेवटी त्यांनी कणगीतून एक फडक्याची गुंडाळी काढली आणि तिच्यातला मोठा खडा माझ्या ओटीत ठेवला. बारशाला पाळण्याखाली याचीच रांगोळी काढा म्हणाल्या. तो आईनं डोहाळजेवणाला आणलेला खडा होता. त्या दिवशीच उकिरड्यावर फेकला असं त्यांनी साऱ्या गावाला सांगितलं होतं.

मी खोलीत जाऊन ओटी सोडली. खडा त्यांनी एक बाजू खाली करून ठेवला होता, ती वर करून पाहिली. कडेनं दातांच्या खुणा आहेत, जुन्या नाहीत, आणि मधे एका दाताची जागा रिकामी आहे. मागच्या खड्याचे उंदीरही तेच असणार. एवढ्या चुळा भरल्या, घरभर गोमूत्र शिंपडलं, आणि बिचारीला तरीही ती खडी सुटली नाही. तू त्या दिवशी बोट दाखवलंस ते माझ्याकडे किंवा आईकडे नव्हतं, हे आता तुझ्या ध्यानात येईल. मला तर त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. तसं केलं असतं तर त्यांना कळलं असतं की मला कळलं, म्हणून नाही ठेवलं.

परवा हे मला शिरपूरला पोचवतील. सुट्टीत तू ये. आईला मी यातलं काही सांगणार नाही, तुझ्या भाऊजींनाही नाही. तुला सांगितलं, कारण एवढं ठाऊक असून तुला एकदा तरी गप्प राहता येतं का ते मला पाहायचं आहे. वाचून झालं की हे पत्र चुलीत घाल. बारशाला सासूबाई येतील, रांगोळी त्याच काढणार आहेत. तू जवळ उभा राहा, नमस्कार कर, आणि खड्याकडे पाहू नकोस.

आपली माया आहे तशीच राहो.

तुझी बहीण,
कस्तुरा