पाठवणीचा धवला

आये, तुझं सगळं मी सांभाळलं आणि त्याचा जाब आता मीच द्यायचा, हे मला पटत नाय. मांडव थापण्यापासून वरात निघेपर्यंत कुठल्या वेळेला कुठला धवला गायचा, हळद आधी कुणी लावायची, चौकात तांदूळ कसे मांडायचे, सगळं तू माझ्या डोक्यात घातलंस. मी मासळी साफ करताना, भात झोडताना, मला नको असताना. चौथीत शाळा सुटली, धवले नाय सुटले. एक शब्द इकडचा तिकडं झाला की तुझ्या हातात असेल ते माझ्या पाठीत. "धवला तोडायचा नाय गो. तोडला का लगीन अर्धा." तू गेलीस आणि लोक माझ्या दारात आले, धवलारणीची पोर म्हणून. तेव्हापासून दुसऱ्यांच्या मांडवात बसून बसून माझी कंबर गेली. आणि आता माझ्या पोरीचं लग्न आलंय, तर ती मला सांगते, एक धवला गाळ.

कुठला ते तुला कळलं असेल. पाठवणीचा.

परवा दुपारी मी अंगणात तांदूळ पाखडत होते. पोर नागावला पर्यटकांच्या खोल्यांचं बुकिंग बघते, लग्नासाठी सुट्टी घेऊन आलीय. बाजूला येऊन बसली. बोलली, "आई, सगळे धवले गा. डीजे नको म्हणून मीच भांडले सगळ्यांशी. फक्त तो शेवटचा नको."

"काय वाईट हाय त्यात?"

"उंबऱ्याला पाठ दिलीस, आता हे घर परकं. माघारी वळू नको, वळलीस तर बापाची मान खाली. हे गाणार तू मला? मी पुढच्या शनिवारी येणार हाय. माझे अर्धे कपडे इथंच राहणारेत."

मला राग आला. मी बोलले, "ही काय कोथिंबीर हाय? पिवळं टाकायचं आणि हिरवं ठेवायचं?"

"मग तू काय अख्खी जुडी शिजवतेस?"

मी सूप तिथंच आपटलं आणि आत गेले. आजकालच्या पोरांची तोंडं अशी, आणि तिला तोंड दिलं मीच. तुझ्यापुढं मी गप्प बसायचे, म्हणून हिला मुद्दाम बोलू दिलं. आता भोगते.

तिला बाकीचं काय माहीत नाय. माझ्या लग्नात तूच गायलीस तो धवला. सगळ्या बायका रडत होत्या, तुझा आवाज जरा हलला नाय. पहिल्याच वर्षी, भातकापणीच्या दिवसांत, नवऱ्यानं ताट अंगावर फेकलं, मग हात उचलला. मी गाठोडं बांधलं आणि खाडीच्या बांधावरून सरळ तुझ्याकडं आले. ते अजून तसंच दिसतं. तू चुलीपुढं बसलीयस, तव्यात भाकर फुगलीय. माझ्या गालाकडं बघतेस. ताटात भाकर देतेस, सुकट देतेस. एक संपल्यावर दुसरी मोडून घालतेस. मला वाटतं, सुटले, राहिले मी इथं. मी हात धुते, आणि तू डोक्यावर पदर घेऊन उभी राहतेस.

"चल."

"कुठं?"

"तुझ्या घरी."

तू पुढं, मी मागं. अर्ध्या बांधावर मी खालीच बसले, म्हटलं ओढून ने, नायतर इथंच मरते. तू वळलीस आणि बोललीस, "भर मांडवात मी तुना सांगितलाय, माघारी वळू नको. गावानी आयकलाय. आता मीच तुना ठेवून घेतली, त उद्या कुनाच्या मांडवात कंच्या तोंडानी बसू?"

म्हणजे धवला तू तोडला नायस. मला नेऊन घातलंस.

संसार झाला, आये. नवरा पुढं निवळला. आता त्याच्या गुडघ्यांना तेल चोळायला मीच लागते. बायका बोलतात, आईनं माघारी नेलं म्हणून टिकलं. टिकलं ते मी टिकवलं, माझी हाडं घालून. त्यात तू बरोबर होतीस असं कुठं आलं? पण तू चुकलीस असंही मला धड बोलता येत नाय, म्हणून तर डोकं फिरलंय. दोन दिवस कालवणात मीठ टाकायचं विसरतेय.

जाऊबाईला पोरीचं म्हणणं सांगितलं. ती काय सोडते? "आमच्या पोरींना गाऊन पाठवलीस, तेव्हा आम्ही डोळं पुसत बसलो. आता स्वतःच्या लेकीला सूट?" खरं हाय तिचं. एकदा हिला गाळला की दुसऱ्या कुणाच्या पोरीला मी तो गाऊ शकत नाय. माझ्यामागं तो येतोय कुणाला? म्हणजे शुक्रवारी पाठवणीला माझं तोंड मिटलं की तो धवला गेला. आणि उघडलं, तर ही पोर उद्या काय झालं तर दारात येणार नाय. माझ्यासारखीच ताठ हाय. बांधावरच बसेल.

"माघारी ये" असे शब्द घालून बघितले. चालीत बसतात. पण गायला घेतलं की समोर तू बसलेली दिसतेस आणि जीभ हलत नाय.

लग्नाच्या पत्रिका उरल्यात, त्यांच्या पाठीमागं हे लिहितेय. टाकायची कुठं? तुला पत्ता नाय, आणि वाचताही येत नव्हतं. तरी एक सांगते, पोरीला सांगितलं नाय. सगळ्या धवल्यांत मला तोच आवडतो. भांडी घासताना तोच तोंडात येतो. ज्यानं मला बांधावरून माघारी नेलं, तोच. त्याची ती खाली उतरणारी चाल आली की अजून अंगावर काटा येतो. याला काय करू?

गुरुवारी हळद हाय. हळद लागायच्या आधी मला सांग, गाऊ का नको. स्वप्नात येऊ नको, मला झोप लागत नाय. आणि "तुझं तू बघ" असं बोलू नको. ते बोलायचं होतं तर तेव्हा बांधावर बोलायचंस. गुरुवारपर्यंत मला उत्तर पाहिजे.