दुधातली शुगर

आष्टी,
दि. ४ जुलै २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. लोखंडाच्या रोलिंग मिलमधल्या आवाजानं तुझे कान नेले, फोनवर बोलणं बंद झालं आणि मला पुन्हा पत्र लिहायची सवय लागली. वहिनीला सांग, लोणचं संपलं. अर्धं मी एकटीनंच संपवलं.

बातमी अशी की, वाडीवरच्या आमच्या शाळेला एक डेअरी रोज सकाळी फुकट दूध देऊ लागलीय. दूध म्हणजे गुलाबी, सुगंधी, गोड. पोरं पाकीट फोडायच्या आधीच चाटतात. मी पाकिटामागचे आकडे वाचले आणि घरी चमच्यानं मोजून बघितलं, तर वरून घातलेली साखर चार चमचे निघाली. पहिलीतल्या पोरांचे दात आधीच किडलेले. मधुमेहानं आईचा पाय कसा गेला, ते आपण दोघांनी पाहिलंय. मुख्याध्यापक आदिनाथ सरांना म्हटलं, साधं दूध मागा. ते म्हणाले, साधं दूध पोरं ओतून देतात, आणि फुकट देणाऱ्याला सांगायचं तरी किती.

मग मीच फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि पोरांच्या वह्यांत उतरवून घरोघरी पाठवलं : 'शाळेच्या दुधात जास्त शुगर आहे. पालकांनी विचार करावा.' आता बघू काय होतं.

लोभ पाठवत राहा, पण बिनसाखरेचा.

तुझी,
दैवशाला


नवीन जालना,
दि. ८ जुलै २०२४

चि. दैवशालास,
अनेक उ. आ.

लोणच्याची बरणी तिकडं येणाऱ्या संपतच्या हाती धाडली आहे. या वेळी महिना तरी पुरव.

साखरेची इतकी दुश्मन झालीस, पण लहानपणी गुळाचा खडा दाखवल्याशिवाय दुधाचा पेला तोंडाला लावत नव्हतीस. आई तुझ्यामागं अंगणभर पळायची. तू विसरलीस, माझ्या बराबर ध्यानात आहे.

तुझं म्हणणं खोटं नाही. रोज चार चमचे म्हणजे लेकरांना फारच झालं. पण भट्टीसमोर पाळी भरली की आम्हाला गुळाचा खडा मिळायचा, तेव्हा जिवात जीव यायचा. उपाशी पोटाची गोष्ट वेगळी असते. तुझ्या वर्गात सकाळी काहीच न खाता कोण येतं, ते आधी बघायचं आणि मग फळ्यावर लिहायचं. तू लिहून मोकळी झालीस. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा,
भारतदादा


आष्टी,
दि. १३ जुलै २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या हातून भलतंच झालंय. आपल्याकडे शुगर म्हणजे साखर नव्हे, शुगर म्हणजे तो आजार. इथंच जन्मलेली मी, हे विसरले कशी? वाडीत बोभाटा झाला की, शाळेच्या दुधातून पोरांना शुगर होते. साठातल्या बेचाळीस पोरांनी दूध बंद केलं. रोज पाकिटं परत जातात. डेअरीवाले म्हणतात, वीस तारखेच्या पालकसभेत काय ते ठरवा, नको असेल तर गाडीच बंद करतो.

तिसरीतली भावना आठवडाभर शाळेतच आली नाही. आई-बाप कामाला पुण्याकडे, ती आजीजवळ राहते. आजी सोनूबाई पहाटेच खुरपणीला जाते, पोर उपाशीच शाळेत येते. ते गुलाबी दूध हीच तिची न्याहारी होती, दादा. तुझं पत्र वाचून चौकशी केली, तेव्हा मला हे कळलं. घरी गेले तर पोरीचं तोंड सुकलेलं. सोनूबाई म्हणाली, "बाई, माझा मालक शुगरनं गेला. हे एवढं एकच लेकरू जवळ हाय. त्याला कशी पाजू?"

मी समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तुम्ही तसं लिहिलं कशापायी?" आता प्या म्हणावं तर माझाच शब्द मागं घ्यायचा, आणि गप्प राहावं तर ही पोर उपाशी. काय करू, ते कळव.

मला आधार द्यायला तूच आहेस, हे जाणून असावे.

तुझी,
दैवशाला


नवीन जालना,
दि. १६ जुलै २०२४

चि. दैवशालास,
अनेक उ. आ.

सभेत उभी राहा आणि चूक झाली म्हणून सांग. मी हे कोणत्या तोंडानं सांगतोय, तेही आज लिहितो.

चार वर्षांपूर्वी आईच्या पायाला जखम झाली, तेव्हा तिनं मला पहिल्याच दिवशी दाखवली होती. मिलमध्ये डबल पाळी चालू होती. उद्या नेऊ, परवा नेऊ करत मी नऊ दिवस घालवले. ती गोड खायची हे खरं, पण पाय गेला तो माझ्या उशिरापायी. डॉक्टरांनी मला तसं तोंडावर सांगितलं. तू साखरेला बोल लावत राहिलीस आणि मी ऐकून घेत राहिलो, कारण ते माझ्या सोयीचं होतं. तू उशीर करू नकोस.

यापुढं तुझा लोभ राहील का, हे विचारायचीही मला भीती वाटते.

भारत


आष्टी,
दि. २१ जुलै २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. खूप राग आला, खूप रडले. मग सभेला गेले.

उभी राहून सांगितलं की, चूक माझी आहे. हे दूध प्यायल्यानं कुणाला आजार होत नाही. त्यात साखर जास्त आहे आणि रोज एवढी नको, इतकंच मला म्हणायचं होतं. कुणी मान हलवली नाही. तेवढ्यात मागून सोनूबाई उठली. तिनं सरांच्या हातातलं पाकीट घेतलं, दातांनी फोडलं आणि अर्धं पिऊन टाकलं. म्हणाली की, ती आता इथंच बसणार, तिला काही झालं तर लेकराला द्यायचं नाही. सगळी सभा ताटकळली. ती पायरीवर बसली, तिच्याशेजारी मी बसले. तिनं तिच्या मालकाचं सांगितलं, मी आईचं सांगितलं. आम्हाला उशीर झाला, असं पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघालं. शाळेची खिचडी शिजून उतरली तरी ती धडधाकट. मग तिनं भावनाला हाक मारली आणि उरलेलं अर्धं दिलं. पोरीनं एका दमात संपवलं आणि पाकीट पिळून शेवटचा थेंबही घेतला.

सोनूबाई पदरानं तोंड पुसत डेअरीच्या माणसाला म्हणाली, "जहर न्हाई ह्याच्यात. पण लई गोड हाय, बाबा. लेकराला दूध पाजा, साखर कशापायी पाजता?"

मला इतके दिवस जे नीट लिहिता आलं नाही, ते तिनं एका दमात सांगितलं. एक ऑगस्टपासून साधं दूध यायचं ठरलं. तोवर गोडच चालू राहील, आणि भावना उद्यापासून शाळेत येईल.

तू मला चार वर्षं उशिरा सांगितलंस, दादा. पण सांगितलंस. लोभ होता तेवढाच आहे.

तुझी,
दैवशाला