पाण्यातला निळा

काळाचौकी, मुंबई
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय अवधूत,

जय भीम. तुझ्या आईंना नमस्कार सांग. कुडाळला थंडी पडली का? इथे अजून पंखा लागतो. तुझा पत्ता तुझ्या बहिणीकडून घेतला. ती फोन नंबरही देत होती, मी घेतला नाही. का, ते पुढे लिहिते.

इकडे सगळं ठीक. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता जिन्यावर ती माझ्या पुढे असते. मी अजून परळच्या त्याच प्रयोगशाळेत आहे. फरक इतकाच की मुलं आता मला मॅडम म्हणतात. आईने डार्करूमसाठी शिवलेला काळा पडदाही आहे, जरा विटलाय.

परवा आई तुझी नक्कल करत होती. तू आमच्याकडे पोहे खाता खाता तिला लेझर समजावला होतास, आठवतंय? "मावशी, पाण्यात प्लॅस्टिकचे कण सोडायचे. इतके बारीक की पाणी नुसतं दुधाळ दिसतं. कणांवर हिरवा रंग चढवायचा आणि लाल किरण मारायचा. पाणी गप्प, कणाचं पोटही गप्प. निळा उजेड येतो तो फक्त कणाच्या कातडीवरून."

"आणि तो दिसतो?"

"दिसत नाही ना! इतका मंद, की यंत्रच टिपतं."

"म्हणजे तुम्ही दोघं दिवसभर अंधारात बसून न दिसणारं बघता," म्हणत तिने तुझ्या बशीत आणखी पोहे वाढले.

खरंच बसायचो रे. यंत्रावरचा आकडा चढला की तू कुजबुजायला लागायचास, जणू मोठ्याने बोललं तर उजेड पळून जाईल. बाहेर आलो की ऊन डोळ्यांत खुपायचं. मग लालबागपर्यंत चालत जाऊन उसाचा रस, आणि तुझं ते एकच पालुपद: "प्रिती, आपण कणाची कातडी वाचतोय!" तसं आता कोणी बोलत नाही. मुलं हुशार आहेत, पण आकडे आले की लॅपटॉप मिटून घरी जातात.

आणि तो दिवसही आठवतो. राजाराम सरांनी कण न घालता नुसतं पाणी ठेवलं, तरी यंत्राने निळा दाखवला. सगळ्यांसमोर म्हणाले, "अवधूत, तुझा निळा पाण्यातूनही येतोय. मग कणांवरचा कुठला? कुठूनतरी उजेड गळतोय, आणि तू त्यावर प्रबंध लिहायला निघालायस." तू यंत्र बंद करून बाहेर पडलास. थोड्याच दिवसांत प्रबंध सोडून कुडाळला गेलास आणि शाळेत शिकवायला लागलास.

निवृत्तीनंतरही सर प्रयोगशाळेत येत राहिले. दिवाळीआधी आले तेव्हा डोक्याला टोपी होती, आणि जिन्यात मध्येच खुर्ची टाकावी लागली. माझा विद्यार्थी अनिश तुझाच प्रयोग करत होता. त्यालाही नुसत्या पाण्यातून निळा मिळाला. सरांनी पाण्याची ती काचेची कुपी हातात फिरवून पाहिली. मग म्हणाले, "नवी कुपी आण. जिच्यात हा रंग कधी गेलाच नाही अशी."

नव्या कुपीत पाणी गप्प राहिलं. कण घातले, आकडा सरसर चढला. जुन्या कुपीच्या काचेला रंग चिकटून बसला होता, धुऊनही न जाणारा. पाण्यातला तो निळा काचेचा होता.

सर अंधारातच बोलले, "त्या दिवशी कुपी मीच ठेवली होती. धुतलेली आहे म्हटल्यावर पुढचा विचारच केला नाही. अवधूतचं बरोबर होतं."

मी दिवा लावायला उठले. "थांब जरा," म्हणाले.

तुला कळवायचं त्यांनीच सांगितलं. "फोन नको, पत्र लिही. फोनवर त्याला लगेच काहीतरी बोलावं लागेल."

टोपीचं कारण एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. उपचार चालू होते. आता डॉक्टरांनी थांबवलेत. एवढं लिहायचं होतं आणि मी पंख्यापासून सुरुवात केली.

सर अँटॉप हिलला मुलीकडे आहेत. बोलणं स्पष्ट आहे, पण उठवत नाही. परवा विचारलं, "त्याला ये म्हणून लिहू?"

"नको," म्हणाले. "चूक माझी, आणि प्रवास त्याने करायचा?"

त्यांचा निरोप होता तुझं बरोबर होतं एवढाच. तो मी पोचवला. इथून पुढचं माझं आहे. ये, अवधूत. रागावलेला असलास तरी ये. काही बोलू नकोस हवं तर, नुसता त्यांच्या शेजारी बस. पण उशीर करू नकोस.

सरांना न विचारता,
तुझी वाट बघणारी
प्रिती