वाटूरचा स्वल्पविराम

मु. वाटूर, गुरुवार

तीर्थस्वरूप शरदमामांना वामनाचा साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच समजा. प्रत्यक्ष घालायला गुडघे तयार न्हाईत, कारण पुढं येईलच.) दुर्गामामींचा खोकला कसा आहे? तुमचा आवाज बराबर आहे ना? घशाला जपा मामा, ज्येष्ठमध चघळत जा, फार कळकळीनं सांगून राह्यलो.

इकडची हकिकत अशी, की मी अजून हंगामी मास्तरच. तपासणीचे साहेब खूश झाले तर कायम, न्हाई तर गाठोडं उचलून परत तुमच्याच ओसरीवर. त्यात वरून हुकूम आला, पोरांना विरामचिन्हं शिकवा. आता हे गाव पटवाऱ्याच्या मोडीवर वाढलेलं, तिच्यात चिन्ह कशाला सापडतंय! पोरं अख्खं पान एका दमात वाचायची आणि निळी पडायची. काकासाहेब पाटील तर म्हणाले, लेकरं थांबायला शिकली तर ढोरांमागं पळंल कोण? मंग मीच अक्कल लढवली. स्वल्पविराम दिसायला वाकडा, म्हणून तो आला की कमरेतून वाकायचं आणि वाक्य संपेस्तोवर तसंच ऱ्हायचं. पूर्णविराम आला की धप्पकन बसायचं. (प्रश्नचिन्हाला कमरेवर हात ठेवायचं ठरलं होतं, ते शिकवायचं राहिलं ही देवाची कृपा.) रोज मी स्वतः उठून-बसून दाखवलं, त्यात गुडघे गेले.

पोरांना हे इतकं आवडलं, की पुस्तक राहिलं बाजूला, कोणी नुसतं बोललं तरी यांचं सुरू. आमच्या शेजारची साळूबाई आपल्या भुजंगाला शिव्या घालायला लागली की भुजंग वाकतो, आणि तिच्या शिव्यांना शेवट म्हणून न्हाई, तेव्हा लेकरू भाकरी थापून होईपर्यंत वाकलेलंच. लाटणं घेऊन माझ्या दारात आल्ती बाई. तिचं बोलणं संपेना म्हणून शेवटी मीही सवयीनं वाकलो, तेव्हा ती घाबरून परत गेली.

मंगळवारी तपासणीचे साहेब आले. शेरवानी, रुमी टोपी, आणि बोलता बोलता घडीघडी थांबून टोपी सावरायची सवय. 'मुलांनो, सरकारनं तुमच्यासाठी,' एवढं म्हणून थांबले, तशी सगळी शाळा एकदम वाकली! मी मनात गाठोडं बांधायला घेतलं. पण साहेबांचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू! हैदराबादेत दरबारी मंडळी वाकून तस्लीम करतात ना, त्यांना वाटलं ही तीच. 'ऐसी तमीज तो शहर में भी नहीं,' माझ्या कानात म्हणाले, आणि मंग दर दोन शब्दांना टोपी. वाक्य संपवायचं नावच न्हाई. पोरांचे पाय लटपटायला लागले. अखेर ते आटोपत्या सुरात आलेले दिसले, आता पूर्णविराम येणार आणि पोरं बसणार, तसा मी 'साहेब, चहा' म्हणत मधे घुसलो आणि सरळ हाताला धरून त्यांना बाहेर काढलं. जाताना म्हणाले, मास्तर, तुम्ही कायम झालात असं समजा.

तर असं आहे. मागणं काही न्हाई, ख्यालीखुशाली कळावी म्हणून सहज लिहिलं.

तुमचा लाडका भाचा,
वामन

ता. क. 'समजा' म्हणाले, हुकूम दिला न्हाई. सोमवारी ही तमीज दाखवायला ते आपल्या वरच्या साहेबांना घेऊन येणार. आणि हे वरचे साहेब म्हणे एकेकच शब्द बोलतात. 'ठीक.' 'अच्छा.' 'चलो.' मामा, दर शब्दाला सगळी शाळा त्यांच्या तोंडासमोर धपाधप बसणार हो! ज्यांच्यापुढं तहसीलदार उभा ऱ्हातो, त्यांच्यापुढं! पोरांना पुन्हापुन्हा बजावलं, बसू नका म्हणून. ऐकून घेतात, आणि बसतात. म्हणून तुम्ही रविवारीच निघून या आणि स्वागताचं भाषण करा. आपल्या घरच्या विमलच्या लग्नात तुम्ही आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला उठलात, मुहूर्त टळून गेला, वऱ्हाड उपाशी बसलं, तेव्हा लोकांनी नावं ठेवली. मी मात्र मनात हात जोडले होते. तुमचं वाक्य संपलेलं आजवर आपल्या घराण्यात कोणी ऐकलेलं न्हाई. साहेबांची मोटार फाट्याच्या पलीकडं जाईस्तोवर संपवू नका, माझी भाकरी आता तुमच्या घशावर आहे.

दुसरा ता. क. मामींना जालन्यातच ठेवा. तुम्ही रंगात आलात की त्या मागून 'पुरे.' म्हणतात.